चित्र हलते, पण हक्क कुणाचा? अ‍ॅनिमेशन व्यवसायावर वाचकांचे प्रश्न

अ‍ॅनिमेशनचा धंदा कसा चालतो आणि त्याला कुणाचे नियम लागतात, यावर आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी आहे: काम पुरे झाल्यावर प्रश्न विचारला आहे. नटांबरोबर केलेल्या चित्रीकरणात जास्तीचे फुटेज हाताशी असते, म्हणून दृश्य कापले तरी सावरता येते. अ‍ॅनिमेशनमध्ये जास्तीचे काही बनवलेलेच नसते. कापलेल्या प्रत्येक सेकंदामागे कुणाची तरी दिवसभराची मेहनत गेलेली असते. म्हणून खालची उत्तरे शक्यतो पटकथा आणि करार हातात असतानाच वाचावीत.

आम्ही दोघे मित्र छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ काढतो आहोत. परवाना कुणाकडून घ्यायचा? सेन्सॉर बोर्डाकडे स्टुडिओची नोंदणी लागते का? (नाशिक)

नाही. अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. कुठल्याही कार्यालयाला लागते तेवढेच तुम्हाला लागेल: भागीदारी किंवा एलएलपीची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीची) नोंदणी, पॅन, चालू खाते, दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगारसंख्येप्रमाणे नोंदणी किंवा सूचना, व्यवसाय कर आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत. ती पहिल्याच आठवड्यात करा. का, ते पुढे पुण्याच्या प्रश्नात येईल.

नियम लागतात ते चित्र कुठल्या पडद्यावर दिसणार त्यावरून. तोच अकरा मिनिटांचा लघुपट चित्रपटगृहात लावला तर सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ लागतो आणि केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्याचे, प्रमाणपत्र लागते. वाहिनीवर लावला तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा, १९९५ आणि त्याखालची कार्यक्रम संहिता. ओटीटीवर गेला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम. तुम्हीच यूट्यूबवर चढवला तर आधी प्रमाणपत्र लागत नाही, पण मजकुराची जबाबदारी तुमची. म्हणून पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: पहिला पडदा कोणता, दुसरा कोणता.

धंद्याची रचनाही समजून घ्या, कारण पैसा त्याच वाटेने येतो. वर वाहिनी, ओटीटी किंवा परदेशी निर्माता. त्याखाली मुख्य स्टुडिओ. तो पार्श्वभूमी, रिगिंग (पात्र हलवण्यासाठीचा सांगाडा), कंपोझिटिंग (चित्राचे थर एकत्र जोडणे) अशी कामे लहान स्टुडिओंना वाटतो, आणि ते पुढे घरून काम करणाऱ्यांना. जितके खाली जाल तितका पैसा उशिरा येतो आणि हक्क कमी उरतो. नवा स्टुडिओ बहुधा तिसऱ्या पायरीवरून सुरू होतो, त्यात कमीपणा काही नाही. पण सेवा म्हणून केलेले काम मिनिटाच्या दराने संपते. स्वतःचे पात्र असेल तर त्याच्यावर मालिका, पुस्तक, खेळणे, दुसऱ्या भाषेतले डबिंग असे उत्पन्न वर्षानुवर्षे येऊ शकते. आठवड्यातला एक दिवस तरी स्वतःच्या पात्रासाठी राखून ठेवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. ते प्रोत्साहनाचे धोरण आहे. त्यातून कुठलाही परवाना आलेला नाही, तेव्हा ‘परवाना काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका.

एका स्टुडिओसाठी मी घरून मालिकेतले मुख्य पात्र रेखाटले. एकदाच ठरलेली रक्कम मिळाली. करार नाही, सगळे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर. आता त्या पात्राची दप्तरे आणि डबे बाजारात आलेत. माझा काही हक्क आहे का? (कोल्हापूर)

असू शकतो. आम्हाला आलेल्या पत्रांत हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १७ सांगते की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पण तुम्ही पगारी नोकर असाल आणि चित्र नोकरीच्या कामात काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास मालक नोकरी देणारा. तुम्ही नोकर नाही, सुट्या कामाचे कलाकार आहात, म्हणून हा अपवाद तुम्हाला लागत नाही. दुसरा अपवाद मात्र तपासायला हवा. कुणी मोबदला देऊन ‘पेंटिंग’ किंवा ‘पोर्ट्रेट’ काढून घेतले, तर करार नसताना मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. पात्राची मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारे नमुनाचित्र, त्यात बसते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. स्टुडिओचा वकील नेमके हेच कलम पुढे करील.

आता हक्क देण्याविषयी. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे यायला हवे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत कलाकाराकडे येतो, मात्र करारात उलट लिहिलेले नसेल तरच. मोठ्या स्टुडिओंच्या छापील करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे शब्द येतात ते हे सगळे बचाव बंद करण्यासाठी. सही करण्यापूर्वी हे एक वाक्य शोधा. ते काढून घेता आले नाही तरी निदान वस्तूंवरच्या वापरासाठी वेगळी टक्केवारी मागा.

तुमच्याकडे सहीचा कागद नाही, म्हणजे हक्क गेल्याचाही कागद नाही. पुढची पावले अशी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण पूर्ण एक्सपोर्ट करा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, कारण मागचापुढचा संदर्भ तुटतो. मूळ फाइल तारखांसकट जशा आहेत तशा ठेवा. त्या उघडून पुन्हा ‘सेव्ह’ केल्या की बदलाची तारीख पुसली जाते, म्हणून आधी प्रत काढा. कच्ची रेखाटने, नाकारलेले पर्याय, बँकेतली नोंद एकत्र करा. मग कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाकडून नोटीस पाठवा. भांडणापेक्षा परवान्याच्या शुल्काची मागणी करणारी नोटीस बहुधा लवकर फळते, कारण दप्तरे बनवणाऱ्यालाही मालकीची खात्री हवी असते.

श्रेयनामावलीत नाव असण्याचा हक्क तर वेगळाच. कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट विकला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो.

यापुढे काम करताना पात्राची नोंदणी आधी करा. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. कलाकृतीसाठी अर्जाचे शुल्क ५०० रुपये. ती वस्तूंवर वापरली जाणार असेल तर २००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. पात्राच्या नावाला कॉपीराइट मिळत नाही, त्यासाठी ट्रेडमार्क. मनोरंजनासाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी २५, खेळण्यांसाठी २८. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गाला ४५०० रुपये पडतात.

स्टुडिओ काम घेतो, मग पाच-सहा महिने पैसे देत नाही. ‘वाहिनीकडून आले की देऊ’ हे ठरलेले उत्तर. काय करावे? (पुणे)

वाहिनीने स्टुडिओला कधी पैसे द्यायचे हा त्या दोघांचा व्यवहार. तुमचा करार स्टुडिओशी आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ इथे कामी येतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले असले तरी हीच मर्यादा. तारीख ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम सुरू होण्याआधीची हवी. नंतर केलेली नोंदणी वादात अडकते.

सगळ्यांचे चुकते ते ‘स्वीकारले’ या शब्दापाशी. फाइल पाठवल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस मानतात. म्हणून नुसती ड्राइव्हची लिंक टाकून थांबू नका. ईमेल पाठवा: ‘भाग ७, शॉट १ ते ४२, अंतिम, आज दिले.’ त्याच ईमेलला बीजक जोडा, त्यावर उद्यम क्रमांक छापा. पैसे थकले तर जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या सुविधा परिषदेकडे दावा ऑनलाइन करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमले तर लवाद. निकालाविरुद्ध जाणाऱ्या देणेकऱ्याला आधी रकमेच्या ७५ टक्के जमा करावे लागतात. बहुतेक प्रकरणे नोटीस गेल्यावरच मिटतात ती या अटीमुळे.

आणि रिटेक. अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांचा चालता आराखडा) मंजूर झाल्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फुकट, तिसऱ्या फेरीपासून शॉटमागे दर, असे आधीच लिहून घ्या. ‘अंतिम मंजुरीनंतर पैसे’ एवढेच लिहिलेले असेल तर मंजुरी कधीच अंतिम होत नाही. डिझाइन, अ‍ॅनिमॅटिक, पहिला कट, अंतिम फाइल असे चार हप्ते पाडा.

मराठीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट करतो आहोत. लहान मुलांचाच आहे म्हटल्यावर ‘यू’ प्रमाणपत्र मिळेलच ना? (डोंबिवली)

कार्टून आहे म्हणून ‘यू’ असा नियम नाही. प्रमाणन मंडळ आशय पाहते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जुन्या ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या वर्गाचे, तीन भाग झाले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत, त्यावरून मुलाला दारात अडवत नाहीत. अडवतात ते ‘ए’ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटाला. लहान मुलांच्या चित्रपटाला ‘यूए ७+’ मिळण्याची कारणे ठरलेली आहेत: अंधारात अचानक येणारा राक्षस, आई-वडिलांचा पडद्यावर दिसणारा मृत्यू, आणि मूल घरी करून पाहील अशी धोक्याची कृती. छपरावरून छत्री घेऊन उडी मारून सुखरूप उतरणारे पात्र मोठ्यांना गमतीचे वाटते; चार वर्षांच्या मुलाला ती सूचना वाटू शकते. हे दृश्य अ‍ॅनिमॅटिकमध्ये बदलले तर एका दुपारचे काम, रेंडर झाल्यावर, म्हणजे अंतिम चित्रे संगणकातून निघाल्यावर, बदलले तर महिन्याचे.

आजोबांच्या हातात चिलीम किंवा बिडी काढली असेल तर आत्ताच ठरवा. तंबाखू दिसला की चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यात किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक फीत, किमान २० सेकंदांचे दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यात खाली ठळक इशारा लागतो. मुलांच्या चित्रपटाला त्यामुळे मध्येच खीळ बसते. आजोबांच्या हातात अडकित्ता द्या. तसेच खरे प्राणी आणि रेखाटलेले प्राणी एकत्र वापरले असतील तर खऱ्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यावी लागते. कोणता प्राणी संगणकावर केला याचे स्टुडिओचे पत्र आणि कच्च्या फाइल जपून ठेवा.

अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावरून होतो. प्रमाणन मंडळाची नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत, त्यांतले एक मुंबईत. आधी परीक्षण समिती पाहते. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती. त्यानंतरचे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, आता थेट उच्च न्यायालय. प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षांचे असे, आता कायमचे. पण एक फ्रेम बदलली तरी मंडळाला कळवून नोंद घ्यावी लागते, हिंदीत डब केले तर त्याला वेगळे प्रमाणपत्र, आणि चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही वेगळे. शीर्षकाची नोंदणी निर्मात्यांच्या संघटनांकडे होते. मराठीसाठी कोल्हापूरचे अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे.

केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या सूचनांप्रमाणे ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि दृष्टिहीनांसाठी प्रत्येकी किमान एक सोय द्यायची आहे, म्हणजे कॅप्शन आणि ध्वनिवर्णन. अ‍ॅनिमेशनमध्ये संवादाविना चालणारी दृश्ये पुष्कळ असतात, म्हणून ध्वनिवर्णनाची जागा ध्वनिमुद्रणापूर्वीच आखून घ्या. दृष्टिहीन मुलालाही सिनेमा बघायला जायचे असते, त्याच्यासाठी हे मनापासून करावे असे काम आहे.

आमच्या भागाची फाइल वाहिनीने तीनदा परत पाठवली. गोष्ट आवडली म्हणतात, मग अडते कुठे? (छत्रपती संभाजीनगर)

तांत्रिक तपासणीत. वाहिनीचे डिलिव्हरी स्पेसिफिकेशन, म्हणजे फाइल कशी हवी याचा कागद, पहिल्या दिवशी मागून भिंतीवर लावले असते तर हे टळले असते. परत येण्याची नेहमीची कारणे सांगतो.

पहिले, फ्रेमदर. आपल्याकडचे प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचे. चित्रपटाच्या सवयीने २४ वर काम करून शेवटी २५ वर नेले तर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, चित्र अडखळते, किंवा वेग वाढवला तर आवाज सुमारे चार टक्के चढा होतो. प्रकल्प उघडतानाच २५ ठेवा.

दुसरे, आवाजाची पातळी. ‘मोठा वाटतो’ यावर तपासणी चालत नाही, ती मीटरवर चालते. उणे २३ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचे एकक) ही अनेक ठिकाणची मर्यादा, पण तुमच्या वाहिनीचा आकडा त्यांच्याच कागदावरून घ्या. मिक्स करणाऱ्याने संगीताच्या जोशात ती ओलांडली की फाइल परत.

तिसरे, लुकलुकाट. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल-निळ्या प्रकाशाचे झपाट्याने झालेले स्फोट पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्यानंतर जगभर मर्यादा कडक झाल्या: सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगाट नको, विशेषतः तो पडद्याच्या चौथ्या हिश्शाहून मोठ्या भागावर असेल तर, आणि गडद लाल रंगाचा तर अजिबात नको. वीज चमकणे, जादूची कांडी, लढाईतला आघात, ही तीन ठिकाणे पुन्हा तपासा. झगझगाट काढून त्या जागी एकच पांढरी फ्रेम आणि मग हळूहळू विझणारा प्रकाश ठेवला तरी परिणाम साधतो. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी पाळा, समोर मूल बसलेले असते.

चौथे, अक्षरे. दुकानाच्या पाट्या, शीर्षक, पत्रातला मजकूर चित्रातच भाजून टाकला तर दुसऱ्या भाषेत भाग जाऊ शकत नाही. अक्षरे वेगळ्या थरावर ठेवा आणि विनाअक्षर फाइलही द्या. तसाच संवाद वगळून संगीत आणि परिणामध्वनी असा वेगळा ट्रॅक द्या. हसणे, धापा टाकणे, ओरडणे हे संवादाच्या ट्रॅकमध्ये गेले की डबिंगमध्ये पात्र मुके होते, आणि फाइल पुन्हा तुमच्याकडे.

मालवणी आणि मराठी मुलांच्या आवाजात मालिका डब करायची आहे. मुले आठ ते बारा वयाची. फक्त आवाज आहे, तरी परवानगी लागते का? (ठाणे)

घ्याच. १४ वर्षांखालचे मूल दृक्‌श्राव्य निर्मितीत काम करते तेव्हा बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे दुरुस्त नियम लागतात. जिथे ध्वनिमुद्रण होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची, परवानगी आधी घ्यायची. म्हणजे मुले ठाण्याची असली तरी स्टुडिओ अंधेरीत असेल तर मुंबई उपनगरचे जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जासोबत विहित नमुन्यातले हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि जबाबदार व्यक्तीचे नाव. एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त पाच मुले. दिवसात पाच तासांहून जास्त नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीने २७ दिवसांहून जास्त नाही. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. पालकांच्या खात्यात सगळी रक्कम टाकून मोकळे होणे चूक आहे.

ही कायद्याची मर्यादा झाली. प्रत्यक्षात आठ वर्षांचे मूल माइकसमोर पाऊण तासाहून जास्त ताजे राहत नाही. ओरडण्या-रडण्याच्या ओळी सत्राच्या शेवटी घ्या, नाहीतर घसा बसतो आणि पुढच्या साध्या ओळी घोगऱ्या येतात. बारा वर्षांच्या मुलाचा आवाज सहा महिन्यांत फुटू शकतो. पुढच्या भागांत लागणाऱ्या हाका, हुंदके, नावे आताच भरून ठेवा. करारात एक ओळ पालकांनी आग्रहाने घालावी: या आवाजावरून यंत्राने नवा आवाज तयार करायचा नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांवर मुलांसाठी मालिका करून त्याची खेळणीही काढायची आहेत. कुणाची परवानगी लागेल? (सातारा)

मालिका आणि खेळणी वेगळी धरा. इतिहास कुणाच्या मालकीचा नाही. पण कादंबरीकाराने कल्पनेने लिहिलेला संवाद किंवा प्रसंग हा इतिहास नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा कॉपीराइट टिकतो. ऐकून ऐकून तोंडात बसलेली अनेक वाक्ये बखरीतली वा पत्रांतली नसून कादंबरीतली असतात. प्रत्येक प्रसंगासमोर समकालीन साधन कोणते ते लिहून फाइल तयार ठेवा. वाद झाला तर तीच उपयोगी पडते. जुनी लघुचित्रे वापरता येतात, विसाव्या शतकातल्या चित्रकारांची चित्रे तपासून.

खेळण्यांपाशी मोठी अडचण आहे. चिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत महाराजांचे नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी, ट्रेडमार्क म्हणून किंवा डिझाइन म्हणून ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि नोंदणी कार्यालय ते नोंदवतही नाही. आमचा सल्ला असा की मालिकेत एक काल्पनिक मावळा मुलगा किंवा मुलगी घ्या, गोष्ट त्याच्या डोळ्यांनी सांगा, आणि खेळणी, नाव, ट्रेडमार्क सगळे त्या पात्राचे करा. महाराजांची प्रतिमा प्लास्टिकच्या बाहुलीत उतरवण्यापेक्षा ते अधिक शोभूनही दिसेल.

त्या खेळण्याचे डिझाइन बाजारात आणण्याआधी, डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवा. नोंदवण्याजोगे असून नोंदवले नाही आणि कारखान्यात ५० हून जास्त नग निघाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. आधी प्रदर्शनात मांडले तर ‘नवे’ राहत नाही, अर्जच फेटाळला जाऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षे वाढते. खेळण्यांवर जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा कारखाना निवडताना आधी त्याचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना पाहा.

ओटीटीवरच्या एका कार्टूनमध्ये शिवीगाळ होती, आणि टीव्हीवर मुलांच्या वाहिनीवर वेफर्सची जाहिरात लागते. तक्रार कुठे करायची? (रत्नागिरी)

ओटीटीसाठी त्या कंपनीच्याच संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत कंपनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे. २०२१ च्या नियमांतल्या या त्रिस्तरीय भागाला ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली होती, तरी कंपन्यांचे तक्रार अधिकारी काम करतात, म्हणून तिथूनच सुरुवात करा. मात्र आधी त्या कार्टूनची वर्गवारी पाहा. १३ आणि त्यावरच्या वर्गवारीला पालक-कुलपाची सोय द्यावी लागते. मोठ्यांसाठीचे कार्टून मुलाच्या प्रोफाइलमध्ये दिसले असेल तर तक्रार भाषेची न करता वर्गवारीची आणि कुलपाची करा. ती जास्त टिकते.

टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी आधी वाहिनी, मग तिची स्वनियमन संस्था, शेवटी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची समिती. तारीख, वेळ, वाहिनी आणि केबल की डीटीएच, हे चार तपशील नसतील तर तक्रार बाजूला पडते. जाहिरातीचे वेगळे आहे. फसव्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चिप्स, शीतपेये अशा पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर करता येत नाही. ही तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेकडे करा. मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन ठेवलात तर पुरे.

इथल्या मराठी शाळेसाठी बडबडगीतांचे अ‍ॅनिमेशन करून यूट्यूबवर टाकतो. ‘मुलांसाठी’ अशी खूण केली की उत्पन्न घटते. नाही केली तर? (न्यू जर्सी)

करायलाच हवी. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यावर अमेरिकेत कायदा आहे, आणि २०१९ मध्ये त्याखाली यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला. त्यानंतर २०२० पासून ही खूण आली. खूण केली की वैयक्तिक पसंतीवरच्या जाहिराती, प्रतिक्रिया आणि सूचनांची घंटा बंद होते, म्हणून उत्पन्न उतरते. भडक रंग, बालगीते, बाहुल्या असलेला व्हिडिओ ‘सर्वांसाठी’ दाखवला तर यूट्यूब स्वतः खूण बदलू शकते, आणि जबाबदारी वाहिनी चालवणाऱ्याचीही धरली जाते. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद केली आहे, तेव्हा हा नियम सैल होईल अशी आशा नको.

उत्पन्नासाठी दुसरी वाट पाहा: शाळांना सरावपुस्तिकांसह गीतांचा संच विका. आणि गीते तपासा. ‘पारंपरिक’ समजली जाणारी काही बडबडगीते नामवंत कवींची आहेत, त्यांचा कॉपीराइट चालू असू शकतो. लोकगीत असले तरी कुणा कंपनीची चाल किंवा मुद्रण वापरले तर दावा येतो, आणि मग जाहिरातीचे उरलेसुरले पैसेही त्यांच्याकडे जातात. स्वतः गाऊन, स्वतः वाजवून घ्या. शाळेतल्या मुलांना कोरसमध्ये घेतलेत तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.